टाकीवरचा नंबर

माझ्या फोनचा नंबर मी सहसा कोणाला देत नाही. लग्नाचं सांगायला येणाऱ्यांनाही मी म्हणते, फोनवर नको, घरी या. तरी गुजरातपासून गोव्यापर्यंत तो कितीतरी लोकांनी लावला आहे आणि बहुतेकांनी लावून मला शिव्या दिल्या आहेत. माझ्या एका भाडेकरूनं तो आपल्या मोटारसायकलच्या टाकीवर रंगवून घेतला होता. मला न विचारता.

त्याचं नाव चाळीत कोणी घेत नसे. सगळे टायरवाला म्हणत. डोंबिवलीजवळ कोपरला आमची चाळ आहे, सासऱ्यानं भाताच्या खाचरावर भराव टाकून बांधलेली. तिची शेवटची खोली बघायला तो आला, पण आत डोकावलादेखील नाही. खोलीच्या दारापासून अंगणाच्या गेटापर्यंत सरळ चालत गेला, तसाच परत आला आणि म्हणाला, "सरळ बाहेर पडता येतं. घेतो." हा खोली घेतोय की रस्ता, मला कळेना. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा कळलं.

मोटारसायकल नावाला. गाभण म्हशीएवढी रुंद, दोन्ही बाजूंना बॅगांसारख्या पेट्या, मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला खुर्चीसारखी बैठक. आणि मागच्या चाकाला टायर मोटारीचं. मला आधी ते दिसलं नाही. चाळीतल्या पुरुषांनी दाखवलं. मोटारसायकलचं टायर पोटाला गोल असतं, म्हणून वळणावर गाडी कलते आणि वळते. मोटारीचं टायर सपाट, पाटासारखं. पाट कलत नाही. त्यामुळे ही गाडी सरळ जायची ती जायची, वळवायची म्हटली की अडायची. सगळ्यांनी त्याला सांगितलं की तू मरशील. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं हवासुद्धा भरून दिली नाही. म्हणाला, काका, उद्या काही झालं तर पोलीस विचारतील शेवटची हवा कोणी भरली.

तो एका कंपनीच्या मोठ्या साहेबाचा ड्रायव्हर होता. जन्मभर साहेबाला मागे बसवून फिरवलं. साहेबानं ही गाडी हौसेनं घेतली, दोनदा चालवली, एकदा पडला आणि तिच्यावर कापड टाकलं. परदेशी जाताना म्हणाला, घेऊन जा. ह्यानं आणली. पण तिचं टायर इथे मिळेना. मागवलं तर लवकर येईना, आणि आलेलं एका लांबच्या फेरीत गुळगुळीत होई. मग त्यानं कल्याणच्या एका टायरच्या दुकानात ठाण मांडलं आणि मोटारीचं टायर बसवून घेतलं तेव्हाच उठला. कोणी टोकलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे. "साहेबाला चार टायरांवर नेला, एकानंही दगा दिला नाही. आता त्यातल्या एकावर मी जातो."

आम्हा आगरी लोकांत वडीलधाऱ्यालाही अरे-तुरे करतात. पहिल्या दिवशी मी त्याला तू कुठला रे विचारलं तर त्याचं तोंड आंबट झालं. म्हणाला, साहेबही मला तुम्ही म्हणायचे. मी म्हटलं, इथे आम्ही देवालाही तू म्हणतो, तू त्याच्यापेक्षा मोठा असशील तर सांग. तेव्हापासून तो मला आक्का म्हणायला लागला, आणि तुम्ही.

खोलीत एक खाट, बुद्धाची तसबीर, स्टो आणि खिळ्याला हेल्मेट. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक सांगलीकडे दिलेली. तिचा फोन आला की तो अंगणात येऊन मोठ्यानं बोले, म्हणून मला सगळं ऐकू येई. ती दरवेळी म्हणायची, बाबा, पोचलात की फोन करत जा. आणि हा म्हणायचा, "पोचल्याचा फोन करायचा नसतो. फोन आला नाही म्हणजे पोचलो."

वागायला वाईट नव्हता. भाडं वेळेवर, दारू नाही, आवाज नाही. फक्त न वळण्याचं वेड. यू टर्न त्यानं कधी घेतला नाही. चुकून पुढे गेला तर पुढेच जाई, कुठे मोठं मैदान किंवा पुलाखालची मोकळी जागा मिळेल तिथून लांब गोल मारून येई. डोंबिवलीच्या मंडईत गाडी वळवायला जागा नाही म्हणून एकदा कोथिंबिरीची जुडी आणायला निघालेला माणूस कल्याणहून आला. जुडी कोमेजली होती. मी म्हटलं, चालत गेला असतास तर एव्हाना चटणी झाली असती. म्हणाला, चालायला मजा नाही, आक्का.

फिरायला जाई तो आठवडा आठवडा. कशाला जातोस विचारलं तर म्हणे, बघायला. काय, ते त्यालाही सांगता येत नसे. माझा बाप मिठागरावर कामाला होता हे मी एकदा बोलून गेले. त्यानंतर जिथे मिठागर लागेल तिथलं मूठभर मीठ तो पिशवीत घालून आणायचा. मी चाखून सांगायची. ह्यात चिखल आहे. हे घाईनं उचललंय, कडू लागतं. हे बरं आहे. बरं म्हटलं की दिवसभर शीळ घालत गाडी पुसायचा. मीठ मी लोणच्याला वापरलं. ठेवून काय करायचं.

नंबर रंगवलेला मला दिसला तो गेटाजवळ गाडी पुसत होता तेव्हा. पांढरे मोठे आकडे, वर लाल अक्षरात काहीतरी. चौथीपर्यंत शिकले तरी आपला नंबर माणसाला ओळखू येतो.

"हा माझा नंबर आहे," मी म्हटलं.

"हो. वर लिहिलंय बघा, अपघात झाल्यास कळवणे."

"तुला लेक आहे ना रे?"

"ती रडेल. रडणाऱ्या माणसाला पत्ता नीट विचारता येत नाही. तुम्ही रडत नाही."

ते खरं होतं. नवरा गेला तेव्हाही मी आधी गॅस बंद केला होता. तरी मी त्याला म्हटलं, पूस ते. तो म्हणाला, आता रंग वाळला.

रंगाऱ्यानं लाल रंग हलका वापरला असणार. एका उन्हाळ्यात वरची अक्षरं उडून गेली. नंबर तेवढा राहिला, ठसठशीत. आता आपल्याकडे जागा कुठे आहे गाड्या लावायला? ठाण्यापासून कल्याणपर्यंत जो तो दुसऱ्याच्या दारात गाडी लावतो आणि काचेवर नंबर लिहून ठेवतो, म्हणजे अडलेल्यानं फोन करावा. टाकीवरचा नंबर बघून लोकांनी तेच समजायचं ते समजलं. आणि हा गाडी लावायचा अशी की दर वेळी कोणीतरी अडायचंच. निघताना वळवावी लागू नये म्हणून तो तोंड रस्त्याकडे करून, जिथून सरळ बाहेर पडता येईल तिथेच लावी. अशी जागा म्हणजे कोणाचं तरी गेट नाहीतर दुकानाची पायरी.

पहिला फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. पलीकडून बाई म्हणाली, "काकी, मी दवाखान्यातून बोलतेय, तुमची मोटारसायकल..." एवढं ऐकलं आणि मी पाटावर बसले होते ती जमिनीवर बसले. बाई पुढे म्हणाली, आमच्या दारात लावलीय, स्ट्रेचर आत जात नाही, काढा लवकर. दवाखाना कोपरचाच होता. मी बोंबलाच्या हातानं तिथे गेले. हा शेजारच्या हॉटेलात चहा पीत बसला होता. जे बोलायचं ते मी हॉटेलवाल्यासमोर बोलले.

पण फोन थांबले नाहीत. मानपाड्याच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. कोकणातला कोणी, पहाटे, टोपल्या घेऊन निघालेला, गाडीमुळे त्याचा टेम्पो निघेना. दमणकडचा एक दुकानदार हिंदीत इतकं वाईट बोलला की मी त्याला आगरीत उत्तर दिलं, मग तो गप्प झाला. हळूहळू मला सवय झाली. हा आज कुठे आहे ते मला लोकांच्या शिव्यांवरून कळे. चाळीतल्या बायका विचारत, टायरवाला कुठवर पोचला गं? मी सांगे, रत्नागिरीला असणार, एकाची रिक्षा अडकलीय.

लाल अक्षरं परत लिहून घे, असं मी त्याला दर महिन्याला सांगायची. लिहितो म्हणायचा.

माझं काम म्हणजे धवले गायचे. आमच्या लोकांच्या लग्नात पहिल्यापासून शेवटपर्यंत धवलारीण लागते. तांदूळ कांडायचे, हळद लावायची, मांडव घालायचा, प्रत्येकाचं गाणं वेगळं, आणि ते म्हटल्याशिवाय ते काम होत नाही. आम्ही दोघी गातो, मी पुढे, माझी जोडीदारीण मागे. त्यात एक शिस्त आहे. धवल्यात सगळ्या देवांना एकेक करून नाव घेऊन लग्नाला बोलवायचं असतं. एकदा सुरू केलेला धवला मध्ये तोडायचा नाही. मध्ये थांबलं तर अर्धे देव दारात आणि अर्धे रस्त्यात राहतात असं आमच्या थोरल्या सांगायच्या. नवरीच्या आईला हे सगळ्यात जास्त माहीत असतं. ती डोळा ठेवून असते.

शहाडला एका घरी हळद होती. मला न्यायला गाडी येणार होती, ती मांडववाल्यांच्या कामात अडकली. रिक्षावाला शहाड म्हटल्यावर मान हलवेना. माझी जोडीदारीण आदल्या दिवसापासून तिथेच होती, पण ती एकटी सुरू करू शकत नाही. टायरवाला त्या दिवशी गुजरातकडे निघाला होता. ठाण्याला माजिवड्याहून घोडबंदरच्या रस्त्याला लागायचं. म्हणाला, चला, शहाडला सोडतो, मग तसाच भिवंडीवरून जाईन. मी म्हटलं, तुला वाकडं पडेल. तो म्हणाला, "वाट वाकडी चालते, आक्का. वळण वाकडं नको."

लुगड्याला काष्टा होता म्हणून दोन्हीकडे पाय टाकून बसता आलं. माझं तांदूळ-नारळाचं सामान पेटीत. निघण्याआधी त्यानं एकच सांगितलं, वळणावर घाबरून दुसऱ्या बाजूला अंग टाकू नका, हिला आधीच वळायचं नसतं.

बैठक चांगली होती, खोटं कशाला सांगू. सरळ रस्त्यावर गाडी अशी जाई की मांडीवरचं पोर उठू नये. खड्डासुद्धा तिला लागत नव्हता, वरून निघून जाई. पण रस्ता जिथे गटाराकडे उतरता असेल तिथे तीही गटाराकडे निघे, आणि हा दोन्ही हातांनी तिला परत आणी. पत्रीपुलाच्या वळणावर त्यानं हँडल असं दाबलं की त्याच्या खांद्याची हाडं शर्टातून दिसली, आणि तोंडानं चल, चल, चल गं म्हणत होता. माझा सासरा नांगराच्या बैलाला असंच म्हणायचा. बैल ऐकायचा. ही ऐकेल की नाही त्याचा भरवसा पूल संपेपर्यंत नव्हता.

पुलावरच माझ्या मनात आलं, आता आपण पडलो तर लोक टाकीवरचा नंबर लावतील, आणि तो वाजेल माझ्याच कमरेला. मी ते त्याला ओरडून सांगितलं. तो हेल्मेटात इतका हसला की गाडी हलली. हसू नको, म्हटलं, गाडी बघ.

शहाडला उतरले आणि पेटीतलं सामान काढून घेतलं. नवरीच्या आईनं टायर बघून तोंडाला पदर लावला. तो पाणी पिऊन सरळ निघून गेला.

आम्ही हळदीचा धवला सुरू केला. हात हळदीनं माखलेले, फोन कमरेच्या बटव्यात. निम्म्यात आलो असू तेव्हा वाजायला लागला. वाजून थांबला. मला वाटलं, लावली मेल्यानं कोणाच्या तरी दारात. परत वाजला. थांबला. मग परत. गाडी काढायला लोक एकदा फोन करतात, दोनदा करतात, मग शिव्या देऊन स्वतःच ढकलतात. हा थांबेना. माझी जोडीदारीण गाता गाता माझ्याकडे बघायला लागली. नवरीच्या मावशीनं माझ्या बटव्यातून फोन काढला आणि अंगणात गेली. परत आली ती माझ्या कानाशी वाकली.

"माजिवड्याला तुजा कोन तरी परलाय. टायरवाला का कोन. पुलाखाली आरवा हाय. उटत नाय म्हन्तान."

तो पुलाखाली आडवा पडलाय, तरी मी गात राहिले. दुसरं काय करणार होते? समोर नवरी, हळदीत भिजलेली, तिची आई माझ्या तोंडाकडे बघतेय. अजून बरेच देव बोलवायचे होते. ज्याचं नाव राहील तो रुसतो. मी एकेकाला बोलावत गेले. डोंगरावरचे, खाडीवरचे, वेशीवरचे. धवला एरवी मला कधी लांब वाटला नाही. नंतर जोडीदारीण म्हणाली, आज तू वेशीच्या देवाला दोनदा बोलावलंस. मी म्हटलं, बोलावलं असेल. एकदा नवरीसाठी.

धवला संपल्यावर पुढची गाणी जोडीदारिणीवर सोपवून मी उठले. एव्हाना मला न्यायला येणारी गाडी आली होती. नवरीच्या मामानं काही न विचारता मला तीत बसवलं. हात धुवायचेही राहिले. वाटेत त्या नंबरवर मामानं फोन लावून बघितला, कोणी उचलेना. दुर्गाडीचा पूल, कोन, भिवंडी, सगळीकडे गाड्याच गाड्या. मी मनात क्रम लावत होते. आधी दवाखाना कोणता ते बघायचं. मग लेकीला सांगायचं, पण आधी जावयाला. खोलीची किल्ली त्याच्या कमरेला असणार. हेच करायला त्यानं मला नेमलं होतं आणि मी ते नीट करणार होते. आणि ते टायर, ते मी माझ्या हातानं खाडीत टाकणार होते.

मामा म्हणाला, मावशी, रडायचं असेल तर रडा. मी म्हटलं, तू समोर बघून चालव.

माजिवड्याला पुलाखाली गर्दी होती. गाडी एका चहाच्या टपरीपुढे स्टँडवर उभी, एक ओरखडा नाही. मागचं टायर बसलेलं, त्यात ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा हातभर तुकडा घुसलेला. आणि तिच्या बाजूला हा, जमिनीवर उताणा, पाय जुळवून, हात छातीवर, डोक्यात हेल्मेट तसंच. काच खाली. जसा तिरडीवर बांधायला ठेवलाय. एक जण म्हणत होता हात लावू नका, पोलीस येऊ दे.

मी वाकून हेल्मेटावर बोटांनी ठोकलं. "काय रं, मेलास का?"

आतून आवाज आला, "अजून नाही, आक्का. पाय थरथरतायत. थांबले की उठतो."

मी तिथेच टपरीच्या बाकड्यावर बसले. चहावालीनं न मागता चहा दिला. तो मी प्यायले. चांगला होता.

झालं होतं ते असं. वेगात असताना तो तुकडा टायरात घुसला, हवा गेली. गाडी डगमगली, पण सरळ राहिली, आणि त्यानं तिला हळूहळू कडेला आणून उभी केली. स्टँड लावला. मग त्याचे पाय गेले. तो आडवा झाला, आणि लोक इतके प्रश्न विचारायला लागले की त्यानं काच खाली करून डोळे मिटून घेतले. हेल्मेटात कमी ऐकू येतं, असं त्यानं मला नंतर समजावलं. चहावालीला मी विचारलं, फोन तू केलास का? ती म्हणाली हो, नंबर दिसला. पहिले दोन फोन टपरीपुढची गाडी हलवा म्हणून केले होते, तेव्हा पलीकडे आडवा माणूस तिला दिसला नव्हता. तिसरा, माणूस हलत नाही म्हणून.

तिथे शेजारी पंक्चरवाले दोघे भाऊ होते. थोरला म्हणाला, मोटारीचं टायर होतं, बाजू जाड, म्हणून काका सरळ उभे राहिले, दुसरं असतं तर फेकले गेले असते. धाकटा म्हणाला, हे सपाट टायर सगळं उचलतं, दुसरं असतं तर तुकडा घुसलाच नसता. दोघांची चांगली जुंपली. टायरवाला आडव्यानंच थोरल्याची बाजू घेत होता. मला त्यातलं कळत नाही. मी त्या दोघांना म्हटलं, माणूस बोलतोय ना, मग भांडण घरी जाऊन करा.

त्याला पंक्चर काढून गुजरातला जायचं होतं. मी मामाच्या गाडीचं दार उघडून नुसती उभी राहिले. तो बसला. मोटारसायकल टेम्पोत घातली. सरळ फळीवरून चढवायची होती म्हणून चढली.

हेल्मेटावर माझी पिवळी बोटं उमटली होती. मी म्हटलं, पूस. तो म्हणाला, हळदीचा डाग जात नाही. कपड्याचा जात नाही, प्लास्टिकचा जातो, एवढं मला कळतं. पण त्यानं पुसलं नाही. नंतर ते पिवळे ठसे घेऊनच फिरायचा, लग्न ठरल्यासारखा.

त्यानंतरच्या रविवारी तो लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन अंगणात बसला. म्हणाला, आक्का, तुम्ही म्हणत होता ना, वरचं परत लिहून काढतो, म्हणजे उगाच कोणी फोन करणार नाही. मी म्हटलं, राहू दे. त्यानं विचारलं का. मी म्हटलं, रंगाचा वास येतो, वाळवण घातलंय.

टायर बदललं ते मोटारीचंच घातलं.

चाळ आता पाडायला दिली. तिथे बिल्डिंग होईल तेव्हा होईल. खोल्या रिकाम्या करायच्या ठरल्या तेव्हा लेकीनं त्याला कायमचा बोलावला. त्याचे गुडघेही दुखायला लागले होते. मी म्हटलं, ते धूड टेम्पोनं पाठव, तू एसटीनं जा. लेकीलाही त्यानं एसटीच सांगितली. मग मला म्हणाला, "तिला सांगू नका. मी गाडीवरच जाणार."

"घाट आहेत."

"आहेत."

"घाटात वळणंच असतात."

"सावकाश घेईन. घाटात मागचे सगळे थांबतात, कोणाला घाई असेल तर हॉर्न वाजवेल."

सकाळी निघाला. खाट चाळीतल्या एकाला दिली, बुद्धाची तसबीर पेटीत, हेल्मेट डोक्यात. मला एक पिशवी दिली. मीठ. म्हणाला, कुठलं ते आता आठवत नाही. मी चाखलं. बरं होतं. तसं सांगितलं. त्यानं गाडी सुरू केली आणि खोलीच्या दारातून गेटाबाहेर सरळ निघून गेला, मागे न बघता. हिच्यावर मागे बघितलं तर ती तिकडे जाते.

त्या दिवशी मी फोन कमरेला लावून सगळं काम केलं. खंडाळ्याची वेळ झाली, फोन नाही. ठीक. पुण्याची झाली. ठीक. पुढे आणखी एक घाट आहे, तिथे बोगदा आहे असं तो सांगायचा. दुपार उलटली. फोन आला नाही म्हणजे पोचलो, असं तो म्हणायचा, पण रस्त्याकडेला जिथे कोणी जात नाही तिथे पडला तर टाकी कोण वाचणार? लेकीला विचारायची सोय नव्हती. तिच्या हिशेबी बाप एसटीत झोपला होता. शेजारीण दोनदा विचारून गेली, टायरवाला कुठवर पोचला गं? मला सांगता येईना. रस्त्यात कोणीही अडलं नव्हतं.

दिवे लागले. भात टाकायची वेळ टळली तरी मी टाकला नाही.

मग फोन वाजला. नवा नंबर. मी आधी स्टूल ओढून बसले आणि मग उचलला. माणूस तिकडचा होता, चांगलाच तापलेला.

"ओ बाई, ही मोटारसायकल कुनाची हाय? दारात आडवी लावलीया. माझी म्हस आत कशी घिऊ मी? धार काढायची खोळंबलीया."

मी त्याला विचारलं, गाव कुठलं? त्यानं लेकीच्या गावाचं नाव घेतलं. मी म्हटलं, परत सांगा. त्यानं परत सांगितलं, आणि वर दोन शब्द जास्त. मागे म्हैस ओरडत होती.

मी म्हटलं, शेजारच्या घरात बघा, एक म्हातारा आला असेल, चहा पीत असेल. पिऊ दे त्याला. तुम्ही गाडी पुढे ढकला, सरळ जाते. वळवायला मात्र जाऊ नका.

तो अजून बोलतच होता. मी फोन कानाला लावूनच उठले आणि तांदूळ धुवायला घेतले.